नाव घातलेला डबा

मी कोणाचं पुडकं नेत नाही!

हे वाक्य मी अमेरिकेत आल्यापासून इतक्यांदा म्हटलंय, की झोपेतून उठवलंत तरी म्हणेन. मी पुण्याला निघालो की आमच्या कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमधल्या निम्म्या मराठी लोकांना अचानक माझी आठवण येते. कोणाला आईसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या पाठवायच्या असतात, कोणाला येताना गोडा मसाला हवा असतो. उत्तर सगळ्यांना एकच! आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर श्रीराम राहतो. ऑफिसच्या कामासाठी दर महिन्याला टेक्ससमध्ये डॅलसजवळ प्लेनोला जाऊन येतो. भला माणूस. त्याने एकदा फार संकोचून विचारलं होतं,

"शेखर, येताना आईकडून फक्त एक मेतकुटाची पुडी आणशील?"

"सॉरी, श्रीराम. समोर उघडून बघितल्याशिवाय मी कोणाचीही वस्तू आणत नाही."

"अरे, माझ्या आईने केलेलं मेतकूट आहे!"

"तुझ्या आईवर माझा विश्वास आहे. मेतकुटावर नाही."

लोकांना वाटायचं, काय तत्त्वाचा माणूस आहे! तुम्हाला म्हणून सांगतो, तत्त्व वगैरे काही नाही. मी घाबरट आहे. दोन हजार एकच्या हल्ल्यांनंतर विमानतळावर प्रत्येक काउंटरवर विचारू लागले, "तुम्हाला कोणी काही नेण्यासाठी दिलंय का?" त्या प्रश्नाला छाती पुढे काढून "नो!" म्हणता यावं, एवढ्याचसाठी माझा हा सगळा बाणेदारपणा. त्यात आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज आत गेलेला. तो कुठल्या तरी ऑफिसात कुठल्या तरी टेबलावर पडून होता आणि त्या टेबलावरचा माणूस रोज सकाळी फक्त माझीच चूक शोधायला येतो, अशी माझी खात्री होती. मी रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नल तोडत नसे. लायब्ररीचं पुस्तक मुदतीच्या आधी परत करत असे. आणि एवढं करून मी काय केलं, तर जपानला गेलो!

ही दोन हजार सहा सालच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतली गोष्ट. कल्पना अनीशची. अनीश माझ्या टीममधला, मूळचा नागपूरचा. त्याने गाडीत सीडी लावून जपानी शिकायला सुरुवात केली होती आणि पाचव्या धड्यातच तो जपानचा जाणकार झाला होता. त्याला ओसाकाची स्वस्त तिकिटं मिळाली. तिसरा आमचा यतीन, मुंबईकर. इमिग्रेशनबद्दल इंटरनेटवर जेवढं भयंकर लिहिलेलं असतं तेवढं सगळं तो वाचतो आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला सांगतो.

"एकदा त्यांच्या कॉम्प्युटरवर तुझं नाव आलं ना, यार, की खतम! मग काढत नाहीत," हे त्याचं आवडतं वाक्य.

मीनाक्षी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तुम्ही तिघं खुशाल जा. मला आठवडाभर शांतता मिळेल." पण तिकडे माशाशिवाय काही मिळत नाही हे ऐकून तिने आमच्यासाठी चिवडा केला, आणि तो तिच्या लाडक्या डब्यात भरला. हा डबा म्हणजे साधीसुधी वस्तू नाही. लग्नात तिच्या वसुधामावशीने दिलेला, जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, दुकानात बसून हौसेने नाव घालून घेतलेला. नागपूरहून पुण्याला आणि पुण्याहून अमेरिकेला तो मीनाक्षीच्या मांडीवर बसून आलाय. आमच्या लग्नाचा अल्बम तिने सामानात टाकला होता.

"शेखर, चिवडा संपला तरी चालेल," ती दारात म्हणाली, "पण डबा परत आला पाहिजे. झाकणासकट."

"अगं, डबा काय हरवतो का?"

ती नुसती बघत राहिली. त्या बघण्याने मला विमानात झोप लागली नाही.

ओसाकात आम्ही एका छोट्याशा घरगुती लॉजमध्ये उतरलो. ते मोरिताबाई नावाच्या आजी चालवायच्या. दिवसभर आम्ही किल्ला बघ, मत्स्यालय बघ, नदीकाठचे दिवे बघ असे हिंडायचो. म्हणजे ते दोघं बघायचे. मी पासपोर्ट चाचपत चालायचो! रात्रीसुद्धा तो मी मोज्यात घालून झोपायचो. खाण्याची तर परीक्षाच होती. सूप मागवलं तर त्यात मासा, नूडल्स मागवल्या तर त्यावर मासा, आणि एका ठिकाणी आम्ही काहीच मागवलं नाही तर त्यांनी आपणहून मासा आणून दिला. शेवटी आम्ही तिघं लॉजच्या जेवणघरात बसून चिवडा खायचो.

एके दिवशी मोरिताबाईंनी वाकून बघितलं, म्हणून मी त्यांच्या हातावर मूठभर चिवडा ठेवला. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग दुसरा. मग सगळी मूठ! इतका आनंद आमच्या घरीसुद्धा त्या चिवड्याने कोणाला झाला नव्हता. मी भारावलो आणि उरलेला चिवडा डब्यासकट त्यांच्यासमोर ठेवला. खाऊन झाला की डबा घेऊ, त्यात काय!

निघायच्या दिवशी सकाळी जेवणघरात डबा नव्हता.

 मी कपाटं उघडली, टेबलाखाली रांगलो. मग मोरिताबाईंना हातांनी गोल गोल करून दाखवलं, वर झाकण लावून दाखवलं. त्यांनी मला आंघोळीची बादली आणून दिली. अनीशने सीडीवरचं जपानी वापरून पाहिलं. त्या तोंडावर हात ठेवून हसल्या, कमरेत वाकल्या आणि छत्री घेऊन घाईघाईने बाहेरच निघून गेल्या.

"काय म्हणालास तू त्यांना?"

"मी म्हटलं, डबा कुठंय."

"मग त्या छत्री घेऊन बाहेर का गेल्या?"

"चल रे, फ्लाइट मिस होईल," यतीन म्हणाला. "डबा काय, दुसरा घेऊ."

दुसरा घेऊ! यतीनचं लग्न झालेलं नाही.

स्टेशनवर गाडीत बसलो. दारं लागायच्या बेतात होती आणि प्लॅटफॉर्मवरून मोरिताबाई धावत येताना दिसल्या. त्या वयात काय धावत होत्या! त्यांच्या हातात जांभळ्या कापडात बांधलेला, वर घट्ट गाठ मारलेला एक चौकोनी बॉक्स होता. तो त्यांनी माझ्या हातात कोंबला, कमरेत वाकल्या, मीही वाकलो, त्या पुन्हा वाकल्या, आणि मी सरळ होईपर्यंत दार लागलं. गाडी सुटली.

आता तुमच्यातल्या हुशार वाचकांनी ओळखलं असेल आत काय होतं ते. पण तुम्ही सोफ्यावर बसून वाचताय! माझी गोष्ट वेगळी होती. ज्या माणसाने श्रीरामच्या आईचं मेतकूट नाकारलं, त्याच्या मांडीवर अनोळखी बाईचं बंद पुडकं होतं. मी गाठीला हात घातला.

"उघडू नको!" अनीश ओरडला. "जपानी लोकांत गिफ्ट असं तिथल्या तिथे उघडत नाहीत. फार मोठा अपमान असतो तो."

"अरे, त्या मागे राहिल्या! त्यांना कसं कळणार?"

"तत्त्व म्हणून काही असतं की नाही?"

तत्त्व म्हटल्यावर मी गाठीवरचा हात काढला. गाठ माझ्याने सुटतही नव्हती, हेही खरं. बॉक्स हलवला की आतून खुळखुळ आवाज यायचा, एवढंच कळलं.

ओसाकाच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने गोड हसून विचारलं, "तुम्हाला कोणी काही नेण्यासाठी दिलंय का?"

"नो!"

सवय, दुसरं काय! इतक्या वर्षांची सवय. छातीसुद्धा पुढे आली होती. शब्द बाहेर पडला आणि हातातला बॉक्स एकदम जड झाला. मागे उभा असलेला यतीन पांढरा पडला.

"तू खोटं बोललास," विमानात बसल्यावर तो कुजबुजला. "एअरलाइनला. ऑन रेकॉर्ड."

"मी आत्ता उघडून बघतो. म्हणजे प्रश्नच मिटला."

"वेडा आहेस का? आत्ता आत काय आहे ते तुला माहीत नाही. उघडलंस की तुला माहीत होतं! आत काही इल्लीगल निघालं म्हणजे? माहीत नसणं हाच तुझा डिफेन्स आहे, यार."

हे इतकं बरोबर वाटलं की मी हात मागे घेतला. भीतीचं असंच असतं. तिला कोणतंही कारण पटतं. मग यतीनने आत काय काय असू शकतं ते सांगायला सुरुवात केली. जिवंत खेकडा. बी-बियाणं, ज्यातून कॅलिफोर्नियाची अख्खी शेती बुडू शकते. एखादा विषारी मासा, जो तिकडे लोक आवडीने खातात. प्रत्येक वेळी मी बॉक्सला कान लावायचो. खेकडा असता तर चालल्याचा आवाज आला असता, एवढाच काय तो दिलासा.

पलीकडच्या रांगेत एक मराठी काकू होत्या. पांढरे केस, नऊवारी नाही की काही नाही, साधा पंजाबी ड्रेस आणि पायात स्पोर्ट्स शूज. त्या शेजारच्याला इंग्रजीत सांगत होत्या, की मुलगी-जावई ओसाकाला असतात, त्यांच्याकडे राहून आता मुलाकडे प्लेनोला परत चालल्येय. त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि चेहरा उजळला. आता विचारणार, कुठले तुम्ही! त्यानंतर विचारणार, एवढं एक पुडकं न्याल का! मी पटकन डोळे मिटले आणि थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत घोरण्याचं नाटक केलं. मधे कस्टम्सचं कार्ड भरायला तेवढा उठलो. 'तुमच्याकडे खाद्यपदार्थ आहेत का?' माहीत नसणं हाच डिफेन्स! मी 'नाही'वर खूण केली. दुसरं खोटं. पेन धरलेला हात माझाच आहे का, असं मला वाटत होतं.

इमिग्रेशनच्या खिडकीतून सुटलो. सामान आलं. आता फक्त कस्टम्सची रांग, आणि पलीकडे दार. दारापलीकडे कॅलिफोर्नियाचं ऊन दिसत होतं. मी एका हातात बॅग, एका हातात बॉक्स घेऊन रांगेत उभा राहिलो. पुढे यतीन आणि अनीश.

आणि समोरून कुत्रा आला.

कुत्रा म्हणजे लांब कानांचा, हिरवं जाकीट घातलेला, बुटका कुत्रा. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्याचे लाड केले असते. तो एकेक बॅग हुंगत निवांत येत होता. एका बाईच्या पिशवीपाशी तो नुसता खाली बसला, आणि त्याच्याबरोबरच्या ऑफिसरने पिशवीतून एक सफरचंद काढून त्या बाईला बाजूला नेलं. एका सफरचंदासाठी!   ग्रीन कार्ड गेलं. नोकरी गेली. हातात बेड्या घालून नेताना मीनाक्षी काचेपलीकडून विचारतेय, 'डबा कुठंय?' हे सगळं मला स्वच्छ दिसलं.

मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. रांगेशेजारी एक खांब होता. मी बॉक्स हळूच त्या खांबामागे ठेवला आणि चार पावलं पुढे सरकलो.

कुत्रा माझ्याजवळ आला, माझ्या बुटाकडे एकदा बघितलं, आणि निघून गेला. सुटलो! एवढा मोकळा श्वास मी लग्नानंतर घेतला नव्हता.

तेवढ्यात मागून आवाज आला, "हा बॉक्स कोणाचा आहे?"

एक उंच ऑफिसरबाई खांबापाशी उभ्या होत्या.  त्यांनी पुन्हा विचारलं. मग खांद्यावरच्या रेडिओत काहीतरी पुटपुटल्या, आणि बघता बघता चित्र पालटलं. दार बंद. रांग बंद. सगळ्यांना मागे सारून भिंतीला लावलं. पिवळी पट्टी बांधली गेली. लहान मुलं रडायला लागली. हातमोजे घातलेली माणसं आली आणि त्यांच्यामागून अंगभर जाड पोशाख घातलेला एक माणूस आला, ज्याचा चेहरासुद्धा दिसत नव्हता.

"शेखर," अनीश दातांतल्या दातांत म्हणाला, "तो आपला बॉक्स आहे."

"आपला नाही."

"अरे, मोरिताबाईंनी दिलेला..."

"कोण मोरिताबाई? मी नाही ओळखत!"

यतीन एक पाऊल लांब सरकला. "मी तुम्हा दोघांनाही ओळखत नाही," तो छताकडे बघत म्हणाला.

खरं तर तेव्हाच हात वर करायला हवा होता.  पण बोलणार तरी काय? 'माझा आहे, पण आत काय आहे मला माहीत नाही, कोणी दिला त्यांचं पूर्ण नाव माहीत नाही, आणि मी दोन देशांत याबद्दल खोटं बोललोय'? मी हात खिशात घातले. 

त्यांनी चाकांवरून एक मशीन आणलं, बॉक्सचा फोटो काढला, पडद्यावर बघितलं, आपसात बोलले. मग जाड पोशाखवाल्याने लांब चिमट्याने गाठ सोडली. जांभळं कापड बाजूला पडलं. आतला लाकडी बॉक्स उघडला. आणि हॉलच्या दिव्यांत काहीतरी लखकन चमकलं.

डबा! मीनाक्षीचा डबा!

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवणार होतो. डबा हरवला नव्हता! डबा अमेरिकेत पोचला होता! पुढच्याच क्षणी लक्षात आलं, की डबा पोचला असला तरी तो माझा आहे असं मला म्हणता येत नाही.

"धातूचा आहे, बंद आहे, मालक नाही," ऑफिसरबाई म्हणाल्या. "बाहेर नेऊन उडवून टाका."

उडवून टाका! नागपूरहून मांडीवर आलेला डबा! एका बाजूला ग्रीन कार्ड, दुसऱ्या बाजूला मीनाक्षी. माझ्या तोंडातून बारीकसा चिरका आवाज निघाला.

"थांबा!"

गर्दीतून त्या काकू पुढे आल्या होत्या. विमानातल्या. सरळ पिवळ्या पट्टीपाशी.

"मॅडम, मागे व्हा!"

"मागे काय व्हा? तो स्टीलचा डबा आहे. आमच्याकडे प्रत्येक घरात असतो," काकू ठणठणीत इंग्रजीत म्हणाल्या. "आणि मालक नाही कसा? त्यावर नाव असणार! आमच्यात भांड्यावर नाव घालतात. झाकणावर बघा. कडेला, बारीक अक्षरांत."

ऑफिसरबाईंनी जाड पोशाखवाल्याकडे बघितलं. त्याने पुन्हा मशीनच्या पडद्यावर बघितलं आणि खांदे उडवले. आत दाण्यांसारखं काहीतरी खाण्याचंच दिसत होतं म्हणे. त्याने जपून झाकण काढलं. काही झालं नाही. झाकणावर खरंच ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती.

"हे तुम्हाला वाचता येतं?"

"आयुष्यभर शाळेत मुलांचं अक्षर वाचलंय मी. आणा इकडे."

त्यांनी झाकण हातात घेतलं, चष्मा नाकावर ओढला, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "वसुधामावशी, धंतोली, नागपूर यांजकडून, सौ. मीनाक्षी चंद्रशेखर टेंबे हिस, संसारास सप्रेम."

मग त्या थबकल्या. "धंतोलीतली वसुधा? अगंबाई! ही तर आमच्या शाळेतली वसुधा! चित्रकला शिकवायची!" आणि ऑफिसरबाईंकडे वळून, "हे लग्नातलं प्रेझेंट आहे. मुलीचं नाव मीनाक्षी. नवरा चंद्रशेखर टेंबे. तो इथेच असणार कुठे तरी."

"चांडरा... शेकर?" ऑफिसरबाईंनी प्रयत्न केला. कोणी हललं नाही.

"अशी हाक ऐकू येत नाही त्यांना," काकू म्हणाल्या. त्यांनी तोंड वर केलं, आणि दिवेलागणीला खेळणाऱ्या पोराला घरात बोलवावं तशी हाक मारली,

"ए चंद्रशेखर!"

"ओ!"

ते मी म्हटलं नाही हो. ते आपोआप आलं. तशी हाक आली की ओ द्यायची, हे आईने इतकं अंगी भिनवलंय की तिथे ग्रीन कार्डाचं काही चालत नाही. अख्खा हॉल माझ्याकडे वळला. यतीन आणखी दोन पावलं लांब सरकला.

"ओ देतोस आणि लपून काय उभा राहतोस? इकडे ये!" काकू म्हणाल्या. मी गेलो. माझ्याकडे जवळून बघून त्या म्हणाल्या, "विमानात झोपलेला तूच ना? किती घाम आलाय! घाबरू नको. खरं ते सांगून टाक." तेवढ्यात कोणीतरी त्यांना डॅलसच्या विमानाची वेळ झाल्याचं सांगितलं आणि त्या स्पोर्ट्स शूजनिशी पळाल्या.

मला एका छोट्या खोलीत नेलं. टेबलापलीकडे ऑफिसरबाई, टेबलावर डबा.

"हा तुमचा आहे?"

मग मी जो बोलत सुटलो! मोरिताबाई सांगितल्या, बादली सांगितली, काउंटरवरचं खोटं सांगितलं, कार्डावरचं खोटं सांगितलं. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण मी पुढे हेही सांगितलं, की शेजाऱ्याचं वर्तमानपत्र त्याच्या आधी मीच वाचतो, आणि फ्रीवेवर एकदा साठच्या जागी सदुसष्टने गाडी चालवली होती.  डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मला डिपोर्ट करणार का?"

ऑफिसरबाईंनी डबा पुढे ओढला, हातमोजे घालून आत हात घातला. तांदळाच्या बारीक कुरकुरीत चकत्या. भाजलेले दाणे. तीळ. मिरचीचे तुकडे. मोरिताबाईंनी आठवून आठवून चिवडा केला होता! आणि कढीपत्त्याच्या जागी त्यांनी घातले होते करंगळीएवढे, वाळवलेले, चकचकीत डोळ्यांचे मासे. शेकडो! सगळे माझ्याकडेच बघत होते.

मी डोळे मिटले. संपलं.

"वाळवलेले मासे," ऑफिसरबाई म्हणाल्या. "चालतात."

"काय?"

"हे सगळं चालतं. घरी खायला आणलेले वाळवलेले मासे आणता येतात. 'खाद्यपदार्थ आहेत' म्हणून सांगितलं असतं तर एका मिनिटात बाहेर गेला असतात." त्यांनी हातमोजे काढले. "दीड तास माझा हॉल बंद होता, सर."

"आणि ग्रीन कार्ड?"

"ते मला माहीत नाही. पण पुढच्या वेळी वस्तू टाकून पळू नका. आणि वेग साठच ठेवा."

त्यांनी डबा लाकडी बॉक्समध्ये घातला, भोवती सरकारी चिकटपट्टी गुंडाळली आणि माझ्या हातात दिला. 

बाहेर अनीश आणि यतीन थांबले होते. "मी म्हटलं होतं ना, काही होत नाही," यतीन म्हणाला. सनीव्हेलपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. गाडी मात्र साठच्या आतच चालवली.

घरी आलो तेव्हा मी कोणत्याही गोष्टीला घाबरणार नव्हतो. अमेरिकेचं सरकार पचवून आलेला माणूस! मीनाक्षीने दार उघडलं. मी बॉक्स तिच्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "घे तुझा डबा!"

तिने चिकटपट्टी कापली. आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"शेखर, माझ्या डब्यात मासे आहेत."

मी सगळी हकिगत सांगितली. ती हळूहळू खुर्चीवर बसली. मला वाटलं आता ओरडणार. पण ती म्हणाली, "म्हणजे त्या बाईंनी डबा रिकामा परत दिला नाही. आपल्यासारख्याच आहेत की." तिचा आवाज मऊ झाला होता. "मासे काय, काढून टाकू. डबा चिंचेने घासला की झालं."

मी हुश्श केलं. पाय पसरले.

"झाकण कुठंय?"

मी पाय परत जवळ घेतले. डब्यात बघितलं, बॉक्समध्ये बघितलं, जांभळं कापड झटकलं. मग डोळ्यांसमोर काकू आल्या. नाकावर चष्मा, हातात झाकण. आणि नंतर पळताना... काखेत झाकण!

तेवढ्यात फोन वाजला. मीनाक्षीने घेतला. "मावशी? तू? या वेळी?" ती माझ्याकडे बघत ऐकत राहिली. त्या काकू, म्हणजे मावशीच्या शाळेतल्या नीलांबरीबाई, म्हणे डॅलसच्या विमानात बसायच्या आधीच विमानतळावरून कॉलिंग कार्डाने नागपूरला बोलल्या होत्या. अनेक वर्षांनी बोलल्या, रडल्यासुद्धा. वसुधामावशीला तर सगळंच कळलं होतं. खांब कळला होता, 'ओ' कळली होती. धंतोलीत सकाळच्या चहाबरोबर सगळ्यांना कळली होती.

मीनाक्षीने फोन ठेवला. "झाकण प्लेनोला चाललंय. कोणी येणारं असेल तर त्यांच्याबरोबर पाठवणार आहेत. पोस्टाने नको म्हणते मावशी, चेपेल." आणि मग तीच ती नजर. "तुझ्या ओळखीचं कोणी जातं का रे प्लेनोला?"

मी जिना चढून वर गेलो. पायऱ्या त्या दिवशी फारच उंच बांधल्यासारख्या वाटल्या. श्रीरामने दार उघडलं.

"श्रीराम, पुढच्या आठवड्यात प्लेनोला जातोयस ना? येताना फक्त एक झाकण आणशील?"

 घाई नव्हती त्याला. दाराच्या चौकटीला आरामात टेकला.

"सॉरी, शेखर. समोर उघडून बघितल्याशिवाय मी कोणाचीही वस्तू आणत नाही."

"अरे, झाकण आहे ते! झाकणात उघडायचं काय?"

"मीनाक्षीवर माझा विश्वास आहे," श्रीराम म्हणाला. "झाकणावर नाही."

आणि त्याने दार लावून घेतलं. अगदी हळू, सभ्यपणे.

तर मंडळी, सध्या डब्यावर आम्ही एक ताटली पालथी घालतो आणि मीनाक्षी त्या ताटलीकडे रोज एकदा बघते. तुमच्यापैकी कोणी प्लेनोहून सनीव्हेलकडे येणार आहे का हो? अजिबात जड नाही. आणि हरवायची तर काळजीच नको, नाव घातलेलं आहे!